मळीच्या रानात वस्ती नको

फेब्रुवारीत आमच्या मळीतला, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानातला, ऊस कारखान्याला गेला. ऊस तुटला की पाचट सरीत दाबायचं, बगला फोडायच्या, खोडव्याला पहिलं पाणी द्यायचं, हा दरवर्षीचा क्रम. यंदा तोड संपली आणि आठवड्याच्या आत दोन माणसं मोजणीचं यंत्र आणि तिकाटी घेऊन आली, सऱ्यांवरून उभ्या-आडव्या फक्कीच्या रेघा मारून गेली. मी माहेरी गेले तेव्हा रेघा ताज्या होत्या. धाकटा भाऊ बांधावर उभा राहून हात लांब करून दाखवत होता, इथनं रस्ता, इकडं रो-हाऊस, तिकडं चार मजली इमारती, ओढ्याच्या कोपऱ्यात बाग आणि गणपतीचं देऊळ.

गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, पंचगंगेच्या काठी, करवीर तालुक्यात. नाव लिहीत नाही, कारण शहराभोवतीच्या कितीतरी गावांत आज हेच चाललं आहे. आमचं रान तीन एकर. भावकीचं आणि शेजाऱ्यांचं रान धरून बावीस एकरांचा सलग तुकडा एका विकसकाने जुळवत आणला आहे. बहुतेकांची साठेखतं (विक्रीचे करार) झाली आहेत. जमीन शेती विभागात आहे, ती रहिवास विभागात घ्यावी म्हणून प्रस्ताव गेला आहे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा चौघांची नावं लागली: आई, मी, धाकटी बहीण आणि भाऊ. म्हणून माझी सही लागते. मी ती अजून केलेली नाही.

भावाने त्या बांधावरच मला विचारलं, "आक्का, तू बिल्डरनं बांधलेल्या फ्लॅटात राहतीस. त्योबी कुणाच्या तरी रानातच उभा हाय की. मग आमीच का राखायची शेती?"

प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन खूप विचार केला, कागद वाचले, माहीतगारांशी बोलले, आणि आता जे वाटतं ते इथे मांडते आहे.

आधी त्याची बाजू, कारण ती खरी आहे. ऊस हे आमच्याकडचं खात्रीचं पीक. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवली. कोल्हापूरचा उतारा त्याहून चांगला, पण तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते. आमच्या रानात एकरी चाळीस टन पडले तर वर्ष चांगलं म्हणायचं. नांगरट, रोपं, खतं, भांगलण, पाणीपट्टी, गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचं व्याज सगळं वजा करून एकरामागे पन्नास-साठ हजार हातात उरले तरी भाऊ समाधानी असतो. तीन एकरांचे दीड-पावणेदोन लाख, आणि तेही नदी वर आली नाही तर. २०१९ ला उसाच्या पोंग्यात पाणी गेलं आणि उभं रान कुजलं. दोन वर्षांनी पुन्हा तेच. त्याचा मुलगा डिप्लोमा करून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लागला आहे, तो काही खुरपं हातात धरणार नाही. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही हे तर आता घराघरातलं दुखणं आहे. अशा माणसाला 'काळी आई विकू नकोस' असं शहरात बसून सांगणं मला शोभत नाही आणि मी ते सांगतही नाही.

घरंही लागणारच. कारखान्यात, दवाखान्यात, दुकानात काम करणाऱ्यांनी राहायचं कुठे? माझ्याच भाच्याला उद्या लग्न करून घर थाटायचं आहे. म्हणून माझा विरोध घरांना नाही आणि शेतकऱ्याने जमीन विकण्यालाही नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही बावीस एकरं राहायची जागा नाही. इथे वस्ती केली तर ती विकणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला आणि शेजाऱ्याला, तिघांनाही बुडवेल.

आपल्याकडे जुन्या कागदांत गावाचा उल्लेख 'काळी-पांढरी' असा जोडीने येतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. आमच्या गावात हा फरक अजून पायांना कळतो. गावठाण उंचवट्यावर आहे. तिथून पाणंदीने खाली उतरायला लागलं की पायाखालची पांढुरकी, मुरमाड माती संपते आणि चिखल चपलेला धरू लागतो. तिथून नदीपर्यंत मळी. ही माती नदीनेच वर्षानुवर्षं पुरात आणून टाकलेली आहे. हाताने उकरावी इतकी मऊ, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी, पावसाळ्यात फुगणारी. ज्यांनी गाव वसवलं त्यांना पाणी कुठवर चढतं हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी नदीकडे सगळं रान ठेवलं आणि स्वतः वर राहिले.

नदीकडेच्या आमच्या मोटारीच्या खोलीवर वडिलांनी रंगाने रेघा मारून ठेवल्या आहेत. पहिली १९८९ ची, माझ्या कमरेएवढी. दुसरी २००५ ची, खांद्याच्या वर. २०१९ ची रेघ मारायला भावाला भिंतीवर जागाच उरली नाही, कारण खोली पत्र्यासकट बुडाली होती. त्याने ती पलीकडच्या विजेच्या खांबावर मारली. २०२१ ची त्याच खांबावर, तिच्याही वर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दर मृग नक्षत्राला काठावरच्या मोटारी काढून वर आणायच्या, हे आमच्या गावात पोराटोरांना माहीत आहे. ज्या रानातून आपण मोटार हलवतो, त्या रानात लोकांनी बारमाही राहायला यावं असं आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

ऊस बुडाला तर हंगाम जातो. पंचनामा होतो, तुटपुंजी का होईना भरपाई मिळते, आणि पाणी ओसरल्यावर वर साचलेला गाळ पुढच्या पिकाला लागतो. मळीचं रान पुरासाठीच आहे, त्यातून ते उठतं. घराला तसं उठता येत नाही.

हे मी ऐकून सांगत नाही. भाऊ म्हणतो तो माझा फ्लॅट रमणमळ्याजवळ आहे. नावातच मळा आहे, पण २००९ मध्ये घर घेताना ते आमच्या डोक्यात आलं नाही. विकणाऱ्याने दाखवलं ते सगळं पाहिलं: टाईल्स, नळ, कागदपत्रं. चारच वर्षांपूर्वी या जागेवर किती पाणी होतं हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेव्हा वाटलं, येईल आणि जाईल. संध्याकाळपर्यंत मीटरची खोली बुडाली, लिफ्ट बंद पडली, गाड्या दिसेनाशा झाल्या. सासूबाईंना जिन्यावरून खुर्चीत बसवून खाली आणलं आणि होडीत ठेवलं. त्यांच्या हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण होता, बाकी काही घ्यायला सुचलं नव्हतं. परतलो तेव्हा पार्किंगमध्ये घोटाभर गाळ होता. तळमजल्यावरच्या कुटुंबाने पुढे घर विकायला काढलं, अजून गिऱ्हाईक नाही. म्हणून भावाला माझं पहिलं उत्तर हे आहे: होय, माझा फ्लॅट कुणाच्या तरी रानातच उभा आहे, आणि तो तिथे उभा राहायला नको होता.

कोल्हापूरने ही चूक पूर्वीही केली आहे. शहरात कधीकाळी जागोजाग तळी होती. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदान आजही तळं होतं. पाण्याला जुनी जागा आठवते, असं आमची आई म्हणते.

दुसरीकडे सरकारचंच एक काम या प्रकल्पाच्या नेमकं उलट दिशेला चाललेलं आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती जिथे एकत्र येतात त्या संगमाजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीच्या माळावर जागा दिल्या. जुनं घर, शेत, गोठा सुटत नाही म्हणून बरेच लोक खालीच राहिले, आणि पाणी वाढलं की आजही जनावरं हाकत वर सोनतळीला जातात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या काठावर राहिलेल्यांना आपण वर चला म्हणतो आणि त्याच नदीच्या काठावर नवीन लोकांना खाली आणायची तयारी करतो. पुराला सरावलेली, होडी चालवू शकणारी, पाण्याचा रंग बघून किती चढेल ते सांगणारी चिखलीची माणसंही जिथे हात टेकतात, तिथे पुण्याहून निवृत्तीनंतर राहायला आलेलं जोडपं काय करील?

नियम नाहीत असं नाही. नदीच्या दोन पूररेषा आखतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर वाव ठेवला आहे, आणि मुख्य अट अशी की जोतं लाल रेषेच्या वर हवं. आमच्या बावीस एकरांतलं बरंचसं रान या मधल्या पट्ट्यातलं आहे. विकसकाचा माणूस ग्रामसभेत म्हणाला, 'आम्ही सगळं भरून घेणार, एकही घर बुडणार नाही.' लोकांना ते पटलं.

पण भरून घेणार म्हणजे काय, त्याचा हिशेब मी वहीत मांडला. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. ते एक मीटर उंच करायला तेवढेच घनमीटर मुरूम लागतो, म्हणजे १,४३० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पाच ब्रासचा डंपर धरला तर एकराला २८६ खेपा. बावीस एकरांना सहा हजारांच्या वर खेपा, आणि हे फक्त एका मीटरचं झालं. विजेच्या खांबावरची २०२१ ची रेघ बघता एक मीटर कुठेच पुरणार नाही. हा मुरूम कुठला तरी डोंगर फोडूनच येणार. राहण्याजोगा माळ खणायचा आणि पिकाच्या मळीत ओतायचा, म्हणजे एका घरासाठी दोन जमिनी खराब करायच्या.

आणि पाण्याचं काय? एका एकरावर एक मीटर पाणी थांबतं तेव्हा ते ४० लाख लिटर असतं. तिथे भराव घातला की ४० लाख लिटरची जागा गेली. बावीस एकरांची जवळजवळ नऊ कोटी लिटर. ते पाणी नाहीसं होत नाही. ते शेजारच्या गटात, ओढ्याच्या पलीकडच्या मागासवर्गीयांच्या वस्तीत, गावठाणाच्या खालच्या आळीत आणि खाली शहरात जातं. एका प्रकल्पाने शहराची पातळी किती वाढेल, असं कुणी म्हणेल. एकट्याने फार वाढणार नाही हे मी मान्य करते. पण प्रत्येक परवानगी 'एकट्याचीच' असते. ती देणाऱ्यासमोर एका वेळी एकच नकाशा असतो. रमणमळा, नागाळा पार्क, सुतारवाडा, शाहूपुरी इथे पाणी शिरतं तेव्हा मात्र सगळ्या भरावांचं मिळून शिरतं. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही नदीपात्रातल्या आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर बोट ठेवलं होतं. जोतं उंच करायची अट त्या घराला वाचवते, शेजाऱ्याचं घर तिच्या हिशेबात नाही. निदान खांबांवर उभ्या इमारती बांधून खालून पाणी वाहू द्या, एवढं तरी नियमाने मागायला हवं होतं.

आता पैशाचं बोलते, कारण गावात खरी चर्चा त्याचीच आहे. शेताचा भाव एकरात सांगतात, प्लॉटचा गुंठ्यात आणि फ्लॅटचा चौरस फुटात. एकरात चाळीस गुंठे, गुंठ्यात १,०८९ चौरस फूट. जमीन एकेका हातातून पुढे सरकते तसं माप लहान होत जातं आणि भाव मोठा. माझा भाऊ एकराच्या भावात समाधानी आहे, कारण उसाच्या हिशेबात ती रक्कम त्याला या जन्मात दिसली नसती. पण एकराचा भाव गुंठ्याचा कशामुळे होतो? जमिनीने काही वेगळं केलेलं नसतं, विकसकानेही अजून वीट लावलेली नसते. सरकारी नकाशावर शेतीचा हिरवा पट्टा रहिवासाचा पिवळा झाला एवढंच घडतं. तो पट्टा बदलण्याचा अधिकार जनतेचा आहे, तिथवर जाणारा रस्ता, वीज, पाण्याची लाईन जनतेच्या पैशाची आहे. वाढलेली किंमत मात्र ज्याने पट्टा बदलायच्या आधी साठेखत आणि मालकाच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं त्याच्या खिशात जाते. शेतकऱ्याला त्यातला तुकडा मिळतो, गावाला काहीच नाही.

आमच्या साठेखताचा मसुदा मी वकील असलेल्या मैत्रिणीकडून वाचून घेतला. विसार म्हणून थोडी रक्कम, बाकीचे पैसे पट्टा बदलल्यावर टप्प्याटप्प्याने. पट्टा बदलला नाही तर काय, याचं उत्तर धूसर. कुलमुखत्यारपत्र मात्र पहिल्या दिवसापासून. म्हणजे जमीन अडकली आमची, पैसे अडकले तरी आमचेच. भावाने मसुदा वाचला नव्हता. भावकीतल्या कुणीच वाचला नव्हता. एकाने केली म्हणून दुसऱ्याने केली.

आणि बहिणींच्या सह्या. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांएवढा वाटा मिळाला. एरवी वर्षभर त्याची कुणाला आठवण नसते. जमीन विकायची ठरली की गाडी पाठवून बहिणींना बोलावून घेतात, जेवण होतं, साडी-चोळी होते, आणि मग हक्कसोडपत्र पुढे येतं. 'माहेर तुटायला नको' या एका वाक्यावर या भागात किती बायकांनी एक पैसाही न घेता सह्या केल्या असतील, मोजदाद नाही. माझ्या भावाने तसं केलं नाही, तो वाटा द्यायला तयार आहे, हे मला आवर्जून लिहायला हवं. पण शेजारच्या गटातल्या माझ्या दोन मैत्रिणींनी, ज्या माझ्याबरोबर याच पाणंदीने शाळेला जायच्या, हक्कसोड करून दिलं आहे. त्यातली एक आज कोल्हापुरात चार घरी स्वयंपाक करते. तिच्या वाट्याच्या गुंठ्यांवर उद्या रो-हाऊस उभं राहील आणि तिला त्यात कामाला बोलावतील.

ज्यांचं सातबाऱ्यावर नावच नाही त्यांच्याबद्दल तर ग्रामसभेत एक शब्द निघाला नाही. आमच्या गावात ज्यांच्याकडे गुंठाभरही रान नाही अशा कितीतरी बायका दोन म्हशींवर घर चालवतात. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं, दहा दिवसांचं बिल घ्यायचं. वैरण कुठून येते? दुसऱ्याच्या बांधावरून. उसाच्या हंगामात तोडीवरचं वाडं (उसाचे हिरवे शेंडे), पावसाळ्यात बांधाचं गवत, भांगलणीच्या बदल्यात मक्याची वैरण. बावीस एकरांना कुंपण पडलं की ही वैरण बंद. विकत आणून म्हैस परवडत नाही, म्हणजे म्हैस विकायची. या बायकांना कोणत्या कायद्याने नुकसानभरपाई मिळेल? त्या तर व्यवहारात कुठेच नाहीत.

तसंच पाण्याचं. आमच्या मळीला आणि वरच्या टेकाच्या रानाला एकाच सहकारी पाणीपुरवठा संस्थेची पाईपलाईन आहे. वडिलांच्या पिढीने कर्ज काढून केलेली. बावीस एकरं बाहेर पडली की वीजबिल आणि दुरुस्ती उरलेल्यांवर पडेल, पाणीपट्टी वाढेल. मग जे आज विकायला तयार नाहीत तेही चार वर्षांत विकतील. रान असंच संपतं. एका शेतकऱ्याचा निर्णय त्याच्या एकट्याचा राहत नाही, पाईपलाईन सामाईक असते.

पवनार ते पत्रादेवी ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग निघाला तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले. मी त्या मोर्च्यातल्या लोकांबरोबर होते, भाऊही होता. तेव्हा सगळ्यांना एकदम नोटिसा आल्या होत्या, म्हणून सगळे एकदम उठले. इथे नोटीस येत नाही. एक माणूस चारचाकीतून येतो, ओसरीवर चहा घेतो, आपुलकीने बोलतो आणि एकेक गट नंबर घेऊन जातो. जमीन तशीच जाते, फक्त मोर्चा निघत नाही.

सगळ्यांचा मिळून विचार करायचा कुणी, हाच खरा पेच आहे. कोल्हापूरला महापालिका झाली १९७२ साली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. घरपट्टी वाढेल, शेतीवर आरक्षणं पडतील या भीतीने गावांनी हद्दवाढीला विरोध केला, आणि ती भीती पोकळ नव्हती. हद्दवाढीऐवजी २०१७ मध्ये ४२ गावांच्या विकासाचं नियोजन बघणारं प्राधिकरण आलं. पण शहर काही हद्द बघून थांबलं नाही, ते गावात येऊन पोहोचलं आहे. गावाकडे ना भुयारी गटार, ना सांडपाणी शुद्धीकरण, ना अभियंता. बावीस एकरांतल्या शेकडो घरांचं सांडपाणी ओढ्यात आणि ओढा नदीत. खाली इचलकरंजीपर्यंतच्या लोकांना ते भोगायचं आहे.

मग करायचं काय? याच भूमीत एक उत्तर देऊन ठेवलेलं आहे. शाहू महाराजांनी व्यापारासाठी १९१७ मध्ये जयसिंगपूर वसवलं. ते काठापासून दूर, उंच जागी, आधी सरळ रुंद रस्ते आणि पेठा आखून उभं केलं. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या बुडालेल्या गावांची माणसं आसऱ्याला आली ती जयसिंगपुरात. आधी जागा निवडायची, मग रस्ते आखायचे, मग माणसं बोलवायची, हा क्रम शंभर वर्षांपूर्वी आपल्याला जमला होता. आज आधी जो विकेल त्याची जागा, मग घरं, आणि रस्ता-गटारासाठी पुढे वीस वर्षं अर्ज.

शहराच्या पूर्व-दक्षिण अंगाला, उजळाईवाडीच्या विमानतळाकडे आणि गोकुळ शिरगावच्या बाजूला उंच माळ आहे. नोकऱ्याही तिकडेच आहेत, माझा भाचा रोज तिकडेच जातो. तिथेही शेतकरी आहेत, माळ म्हणजे कुणाची नसलेली जमीन असं मी समजत नाही. पण तिथे नगररचना योजना राबवता येते. १९१५ च्या कायद्यापासून हे साधन आपल्याकडे आहे, मुंबईत सांताक्रूझ, विलेपार्ल्याचे भाग याच पद्धतीने आखले गेले. सगळ्या मालकांची जमीन एकत्र धरायची, रस्ते, गटार, शाळा, मैदान यांच्यासाठी हिस्सा काढायचा आणि उरलेली आखीव प्लॉटच्या रूपाने प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात परत द्यायची. क्षेत्र कमी होतं, पण हातात येतो तो रस्त्यावरचा प्लॉट, आणि गुंठ्याचा भाव शेतकऱ्याला स्वतःला मिळतो. हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून, तिच्या प्रमाणात स्वतःच भागीदार होऊन नगर उभं केलं. ते सगळीकडे जसंच्या तसं जमेल असं नाही, तिथे बहुतेक एकाच भावकीची सलग जमीन होती आणि पुण्याची बाजारपेठ दारात होती. पण शेतकऱ्याने एकराच्या भावात बाजूला व्हायलाच पाहिजे, असा काही नियम नाही, एवढं त्यातून दिसतं.

आणि मळीवाल्यांचं? त्यांनी नुसतं शेतकरी राहून शहराला पुरापासून वाचवायचं आणि त्याबद्दल काहीच मागायचं नाही, हा अन्याय आहे. माझ्या भावाचा राग याचाच आहे आणि तो मला मान्य आहे. मळीचं रान रान राहिल्याने शहरात कमी पाणी शिरतं, तर शहराने त्याची किंमत मोजायला हवी. विकास हक्क हस्तांतरण म्हणजे टीडीआर, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, आपण रस्त्यात, आरक्षणात गेलेल्या जमिनीसाठी देतो. पूरपट्ट्यात बांधकाम न करण्याच्या बदल्यात मळीच्या मालकालाही तो द्यावा, त्याने तो माळावर बांधणाऱ्याला विकावा आणि रान कसत राहावं. हे मी शासनाकडे लेखी मागितलं आहे. भावाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "असं जर व्हणार असंल, तर मलाबी ऊस लावायचा सोडून दुसरं काय येतंय?"

तोवर माझी सही होणार नाही. घरात ताण आहे. आई दोन्हीकडे बघते आणि काही बोलत नाही. धाकट्या बहिणीला मुलीच्या शिक्षणाला पैसे हवे आहेत, तिचा राग मला कळतो. भावाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. मी अडवून धरते आहे ते या तिघांचं, याची मला पूर्ण जाणीव आहे.

प्रस्तावावर हरकत नोंदवताना मी शेवटी एक साधी मागणी लिहिली आहे. या बावीस एकरांत चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी लोखंडी खांब रोवावेत, आणि पाटबंधारे खात्याने त्यांवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या पातळ्या ठळक रंगात काढाव्यात. प्लॉट बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी दिसावेत. मग ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं. मधल्या खांबाची जागा नकाशावर आमच्या गटात, मोटारीच्या खोलीशेजारी येते. ती मी माझ्या वाट्यातून देईन, असं हरकतीत लिहून खाली सही केली आहे.